दोष पेट्रोलचा होता

“तू घरी जा, मी हे चालू करून आलोच,” असं म्हणून देवदाननी पुन्हा दोरी ओढली.

गवत कापायचं मशीन एकदा फुरफुरलं, थोडा निळसर धूर सोडला आणि गप्प झालं.

मी गेले नाही. कबरस्तानाच्या फाटकाशी सिमेंटचा कट्टा आहे, त्यावर पिशवी मांडीवर घेऊन बसून राहिले. ऊन अजून कोवळं होतं, तरी त्यांचा शर्ट पाठीला चिकटला होता. एक पाय मशीनच्या पत्र्यावर, डावा हात दांड्यावर, उजव्या हातात दोरी. ओढायची, सोडायची, दम घ्यायचा, परत ओढायची. मध्येच थांबून ते मशीनभोवती एक फेरी मारायचे, वाकून काहीतरी बघायचे, आणि पुन्हा पाय पत्र्यावर.

समोर मी त्यांना आयुष्यात कधी नावानं हाक मारली नाही. ‘अहो’ एवढंच. लिहिताना मात्र नाव सोपं जातं, आणि आता ते नाव घेतल्यावर वळून बघणारंही कुणी नाही.

आमचं गाव नगर जिल्ह्यातलं, साखर कारखान्यांच्या पट्ट्यातलं. गावात मिशनचं हॉस्पिटल होतं. मी तिथं नर्स होते, आणि देवदान एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. हॉस्पिटल बंद पडलं तेव्हा तिथल्या हिरवळीसाठी आणलेलं हे मशीन मंडळीच्या, म्हणजे आमच्या चर्चच्या वाट्याला आलं. चालवणार कोण, असा प्रश्न निघाला तेव्हा देवदान नुकतेच निवृत्त झाले होते. “आणा इकडं,” म्हणाले. तेव्हापासून दर वर्षी पावसाळा सरला की कबरस्तानातलं गवत तेच कापायचे. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी आमच्याकडं स्मरणाची उपासना असते. पुण्या-मुंबईला गेलेली माणसं त्या दिवशी येतात, आपापल्या कबरींवर फुलं ठेवतात, मेणबत्त्या लावतात. त्याआधी सगळं स्वच्छ झालेलं असायचं. कुणी आभार मानले तर देवदान म्हणायचे, “मशीन कापतं. मी नुसता मागं चालतो.”

त्या वर्षी पाऊस दिवाळीपर्यंत रेंगाळला होता. गवत पोटरीच्याही वर गेलं होतं, लहान मुलांच्या कबरी तर त्यात दिसतही नव्हत्या. आणि त्या रविवारच्या आधीचा बुधवार उजाडला होता.

“प्लग बदलून बघितला?” मी कट्ट्यावरूनच विचारलं.

“बदलला.”

“मग आता?”

“मग आता काय? तू नर्स की मेकॅनिक?” ते हसून म्हणाले. पण हसणं अर्ध्यावरच राहिलं. त्यांनी हाताचा पंजा उघडून बघितला. दोरीनं बोटांच्या पेरांवरची कातडी सोलली होती.

“चला घरी,” मी म्हटलं. “उद्या बघू.”

ते लगेच तयार झाले. एरवी झाले नसते.

गुरुवारी सकाळी आम्ही पुन्हा गेलो. मी सोबत जात होते ती मदत करायला नव्हे. त्यांना एकटं सोडायचं नाही, हे मी बऱ्याच महिन्यांपासून ठरवलं होतं. त्यांना मात्र तसं सांगितलं नव्हतं. भाजी आणायची आहे, पाय मोकळे करायचे आहेत, असं काहीतरी कारण मी काढायचे. रोज नवं कारण शोधायचं, हेही एक कामच असतं.

“तू दोरी ओढ,” त्या दिवशी ते म्हणाले. त्यांनी प्लग काढून वायरला लावला, इंजिनाच्या लोखंडाला टेकवला आणि अंगाची सावली केली. मी ओढली. प्लगच्या टोकाशी बारीक निळी ठिणगी उडाली.

“बघितलीस? ठिणगी आहे. फिल्टर साफ केलाय, म्हणजे हवा आहे. टाकीत पेट्रोल आहे. मग राहिलं काय?”

“कार्बोरेटर उघडला का?” इतक्या वर्षांच्या संसारात तेवढं मलाही कळत होतं.

“त्याला हात लावायची गरज नाही,” ते एकदम तुटकपणे म्हणाले.

गरज का नाही ते मला ठाऊक होतं. महिन्याभरापूर्वी त्यांनी भिंतीवरचं घड्याळ दुरुस्तीला खाली काढलं होतं. उघडलं, आणि मग दुपारभर त्याच्यासमोर बसून राहिले. बसची अख्खी इंजिनं उतरवून चढवणारा माणूस. संध्याकाळी त्यांनी सगळे भाग एका ताटात घातले, वर वर्तमानपत्र झाकलं आणि ताट कपाटावर ठेवून दिलं. मी विचारलं नाही. कुणी घरी आलं आणि भिंतीवरच्या मोकळ्या खिळ्याकडं बघायला लागलं, की मीच सांगायचे, “घड्याळ दुरुस्तीला दिलंय.”

असं पुष्कळ झाकत आले होते मी. ईस्टरच्या उपासनेत त्यांच्याकडं शास्त्रपाठ होता. पवित्र शास्त्र उघडून ते पानं चाळत राहिले. लहानपणापासून तोंडपाठ असलेलं पुस्तक, पण योहानाचं शुभवर्तमान त्यांना सापडेना. मी उठून पान काढून दिलं आणि कुजबुजले, “चष्मा बदलायला झालाय यांचा.” लोकांनी माना डोलावल्या. गॅस चालू राहिला की मी म्हणायचे, मीच विसरले. माझ्या बहिणीला त्यांनी दोन वेळा तिच्या मुलीच्या नावानं हाक मारली, तेव्हा मी म्हटलं, दोघी दिसतातच सारख्या. हॉस्पिटलात मी असे पेशंट पाहिले होते. त्यांच्या बायकाही पाहिल्या होत्या. त्या बायका इतक्या थकलेल्या का दिसतात ते तेव्हा कळायचं नाही.

आम्ही मशीनपाशी उभे होतो तेवढ्यात फाटक वाजलं. आमच्या चर्चचे पाळक, उजागरेसाहेब, आत आले. वयानं आमच्या मुलाएवढे, रूबेनएवढे, गावात येऊन वर्ष होत होतं.

“सलाम काका, सलाम काकू. काय म्हणतंय मशीन?”

“होईल,” देवदान म्हणाले.

पाळकसाहेबांनी गवताकडं नजर टाकली. “काका, कमिटीत विषय निघाला होता. या वर्षी दोन-चार बाया लावून विळ्यानं कापून घेऊ. तुम्हाला त्रास नको.”

“त्रास कुणाला होतोय?”

“तसं नाही. पण रविवार आलाच की. आणि तुम्हीपण किती दिवस...”

“किती दिवस म्हणजे? मी अजून इथं बाहेर उभा आहे ना साहेब? का आत घालताय मला?” त्यांनी कबरींकडं बोट केलं.

पाळकसाहेब बिचारे गोरेमोरे झाले. देवदान कुणाला असं बोलणारे नव्हते. मी मध्ये पडले. “साहेब, उद्यापर्यंत वाट बघा. नाही झालं तर बाया सांगा.” ते मान हलवून गेले.

फाटक लागलं तसे देवदान मशीनच्या शेजारी गवतातच बसले. बराच वेळ त्या कार्बोरेटरकडं बघत राहिले. ओळखीचा माणूस समोर यावा आणि त्याचं नाव आठवू नये, तसं.

“सरोज,” ते म्हणाले, “मशीन ठीक आहे. मीच काहीतरी करायचं विसरतोय. दर वर्षी काहीतरी करत असणार मी, ते या वर्षी करत नाहीये. पण काय, ते आठवत नाही.”

मी त्यांच्याजवळ बसले.

“आणि फक्त मशीनचंच नाही,” ते म्हणाले.

एवढंच. पण इतक्या महिन्यांत पहिल्यांदा त्यांनी ते स्वतःच्या तोंडानं काढलं होतं.

“सोमवारी नगरला जाऊ या का?” मी हळूच म्हटलं. “मेंदूचे एक डॉक्टर आहेत. आमच्या हॉस्पिटलातल्या मेट्रनच्या ओळखीचे. नुसतं दाखवून येऊ.”

“आधीच विचारून ठेवलंयस?”

“हो.”

त्यांनी गवताची एक काडी तोडली. “बरं. जाऊ.”

शुक्रवारी मी रिक्षा बोलावली. रिक्षावाल्यानं आणि मी मिळून मशीन मागच्या सीटवर आडवं घातलं, आणि आम्ही बाजारपेठेतल्या हबीबच्या दुकानी गेलो. हबीब शेतकऱ्यांचे फवारणीचे पंप आणि गवत कापायची मशिनं दुरुस्त करायचा. देवदानना हे आवडलं नव्हतं. दुसऱ्याच्या दुकानात आपलं मशीन घेऊन जायची त्यांच्यावर ही पहिलीच वेळ होती. ते रिक्षातून उतरून जरा बाजूलाच उभे राहिले, आपण कुणा दुसऱ्याबरोबर आलोय असे.

हबीबनं मात्र त्यांना बघून हातातलं काम ठेवलं. “या काका, या. आज माझ्याकडं?”

“काही नाही रे. चालू होत नाहीये. मी प्लग बघितला, फिल्टर बघितला. वय झालं आता, काहीतरी राहत असेल माझं.”

“शेवटचं कधी चालवलं होतं?”

देवदाननी माझ्याकडं बघितलं.

“पावसाळ्याच्या आधी,” मी सांगितलं. “फाटकाजवळचं थोडं कापलं होतं. मग शेडमध्ये झाकून ठेवलं.”

“टाकीतलं पेट्रोल तेव्हाचंच?”

“तेव्हाचंच,” देवदान म्हणाले. “शिवाय डब्यात होतं ते वरून घातलं. दर वर्षी तसंच करतो की.”

हबीब खाली वाकला. त्यानं पाण्याची एक रिकामी, पारदर्शक बाटली घेतली, टाकीची नळी काढून तिचं तोंड बाटलीत धरलं आणि थोडं पेट्रोल उतरवलं. मग बाटली समोरच्या फळीवर उन्हात ठेवली.

“चहा सांगतो. तोवर त्याला बसू द्या.”

चहा येईपर्यंत बाटलीत दोन थर झाले होते. वर नारिंगी पेट्रोल, आणि खाली बोटभर गढूळ पाणी. मधली रेघ अगदी स्वच्छ दिसत होती.

“हे बघा,” हबीब म्हणाला. “आता पेट्रोलमध्ये इथेनॉल घालतात. आपल्याच कारखान्यांचं, उसाचं. ते हवेतलं पाणी ओढून घेतं. गाडी रोज चालते, पेट्रोल रोज संपतं, तिला काही होत नाही. पण मशीन पावसाळाभर बंद, त्यात तुमच्याकडची ती दमट शेड. पाणी जमतं, मग ते खाली बसतं. इंजिन आधी खालचंच ओढणार ना? तुम्ही दिवसभर दोरी ओढली तरी पाणी कसं पेटणार?”

देवदान बाटली हातात घेऊन तिच्याकडं बघत होते.

“पण पूर्वी कधी झालं नाही.”

“पूर्वीचं पेट्रोल वेगळं होतं, काका. आणि तुमची हयात गेली डिझेलवर. या दिवसांत माझ्याकडं निम्मी मशिनं हीच येतात. थांबा, अजून दाखवतो.”

त्यानं कार्बोरेटर सोडवला, त्याची खालची वाटी उघडली. आत हिरवट खरबरीत थर धरला होता. पितळेचा एवढासा जेट त्यानं उजेडाकडं धरला. ज्या भोकातून उजेड दिसायला हवा होता ते पार बुजलेलं होतं.

“तुमचं काही चुकलेलं नाही,” हबीब म्हणाला.

तो मशीनबद्दलच बोलत होता. पण मी देवदानच्या चेहऱ्याकडं बघत होते. उन्हातून आत आलेल्या माणसाला गार पाणी मिळावं तसा तो चेहरा झाला.

“म्हणजे दोष पेट्रोलचा होता,” ते म्हणाले.

“पेट्रोलचाच.”

“ऐकलंस का सरोज? पेट्रोलचा.”

हबीबनं टाकी धुतली, जेट तारेनं मोकळा केला, सगळं बसवलं, पंपावरून ताजं पेट्रोल आणून घातलं. “आता मशीन ठेवून द्यायचं झालं की टाकी रिकामी करायची, आणि आतलं संपेपर्यंत चालू ठेवायचं. पेट्रोलचा डबाही भरून ठेवू नका.” मग तो बाजूला झाला आणि म्हणाला, “घ्या काका, तुम्हीच ओढा.”

देवदाननी दोरी ओढली. मशीन पहिल्याच ओढीला धडधडायला लागलं. दुकानासमोरून जाणारी माणसं वळून बघायला लागली. देवदान त्या आवाजात काहीतरी ओरडून मला सांगत होते आणि हसत होते. मीही हसले.

घरी येईपर्यंत ते थांबले नाहीत. रिक्षावाल्याला सगळं सांगितलं. वाटेत पाळकसाहेबांच्या दारात रिक्षा थांबवून त्यांना सांगितलं, आणि कालच्या बोलण्याची माफीही मागितली. घरात पाय ठेवल्या ठेवल्या रूबेनला चिंचवडला फोन लावला.

“अरे, दोष पेट्रोलचा होता! इथेनॉल असतं त्यात. पाणी धरतं ते. मी उगाच दोन दिवस डोकं धरून बसलो. तुझ्या आईनं तर मला डॉक्टरकडं न्यायचं ठरवलं होतं, मेंदूच्या!”

ते मोठ्यानं हसले. मग फोन माझ्याकडं दिला. रूबेन विचारत होता, “आई, डॉक्टर कशाला? काही झालंय का?” ते समोरच उभे होते. मी म्हटलं, “काही नाही रे. सहज, तपासणी.”

जेवताना ते म्हणाले, “सोमवारचं नगरचं रद्द कर.”

“एकदा जाऊन आलो असतो.”

“कशाला? माणसाच्या मनात एकदा भीती शिरली ना, की सगळंच चुकायला लागतं. मशीन चालू होत नाही म्हणून मी घाबरलो. घाबरलो म्हणून बाकीचंही विसरायला लागलो. आता मशीनचं कारण कळलं. संपलं.”

आधी काय झालं आणि नंतर काय, हे सगळं त्यांनी उलटंपालटं केलं होतं. घड्याळ महिन्यापूर्वीचं होतं, ईस्टर तर त्याच्याही कितीतरी आधी. पण ते दुसऱ्यांदा भात मागून घेत होते. कित्येक महिन्यांनी असे पोटभर जेवत होते. मला भांडायचं बळ नव्हतं. आणि खरं म्हणजे, मलाही ते हवं होतं. भांडी घासताना मी स्वतःशी म्हटलं, असेलही. सगळ्याला काहीतरी साधं कारण असेल, कुणीतरी बाटली उन्हात ठेवून दाखवायचीच खोटी असेल.

डॉक्टरांकडं फोन करायचा तेवढा मी उद्यावर टाकला.

शनिवारी ते माझ्या आधी उठून तयार होते. “आज येऊ नकोस,” म्हणाले. “दुपारी डबा घेऊन ये.” मीही राहिले. ते रस्त्यानं मशीन ढकलत गेले. वळणापाशी थांबून त्यांनी मागं हात केला. घरात मी एकटी. कितीतरी दिवसांनी माझं लक्ष कुणाच्या पावलांच्या आवाजाकडं नव्हतं. मी पलंगावर आडवी झाले आणि मला गाढ झोप लागली.

जाग आली ती दचकून. डबा भरून मी झपझप निघाले.

फाटकापासून दूर होते तेव्हाच मशीनचा आवाज ऐकू आला, आणि जीव भांड्यात पडला. व्यवस्थित चालू होतं. पण जवळ जाऊ लागले तसं काहीतरी खटकायला लागलं. गवत कापत असताना मशीनचा आवाज जड असतो, दबलेला. हा आवाज उंच होता, रिकामा. आणि फाटकाच्या भिंतीवरून धूळ उडताना दिसत होती.

आत गेले. फाटकातून शिरल्यावर उजव्या हाताला कबरींच्या दोन ओळींमधली एक पट्टी आहे. देवदान त्या पट्टीत मशीन चालवत होते. अगदी सरळ, सावकाश, पूर्वी चालवायचे तसेच. टोकाला गेले, मशीन वळवलं, परत आले, पुन्हा वळवलं. त्या पट्टीत गवत उरलंच नव्हतं. पातं उघड्या मातीवर फिरत होतं, मुरूम उडत होता. त्यांची विजार, हात, पांढरे केस, सगळं लाल झालं होतं. बाकी सगळ्या कबरस्तानात गवत होतं तसं उभं होतं.

मी फाटकाशी थांबून बघत राहिले. ते माझ्या बाजूला आले, माझ्याकडं बघून प्रसन्न हसले आणि वळून पुन्हा त्याच पट्टीतून गेले.

मशीनमध्ये काही दोष राहिला नव्हता. ते सुरेख चालत होतं.

आजवर केलं तसं याही वेळी मला करता आलं असतं. हसत जाऊन म्हणायचं, इकडचं छान झालं, आता तिकडचं घ्या. त्यांना कळलंही नसतं. पाळकसाहेबांना सांगितलं असतं, पहिली पट्टी मुद्दाम खोल कापली. शब्द तोंडात तयारच होते. पण मला एकाएकी एवढा शीण आला की ते बोलवेना. मी गेले आणि मशीनसमोर उभी राहिले. त्यांनी घाबरून ते बंद केलं.

“अगं, पातं फिरतंय! कुठं उभी राहतेस?”

त्यांनी बाहीनं कपाळ पुसलं. मग माझ्या चेहऱ्याकडं बघितलं, आणि मग पायाखाली. उघड्या मातीकडं. दोन्ही बाजूंच्या उभ्या गवताकडं.

“इथून मी मघाशी गेलो होतो का?”

“हो.”

“एकदा?”

मी डब्याची पिशवी खाली ठेवली.

“दोनदा?”

“सकाळपासून,” मी म्हटलं. “सकाळपासून तुम्ही इथंच आहात.”

मला वाटलं होतं ते रागावतील, मशीनला दोष देतील, उन्हाला देतील. त्यांनी तसं काही केलं नाही. दांडा सोडला, चालत जाऊन कट्ट्यावर बसले. मी पाण्याची बाटली उघडून दिली. ती त्यांनी हातात नुसती धरून ठेवली.

“पेट्रोल खराब होतं, हे तरी खरं ना?”

“ते खरंच होतं.”

“हं.” त्यांनी मान हलवली. मग म्हणाले, “तुला कधीपासून माहीत आहे?”

“ईस्टरपासून.”

“चष्मा म्हणालीस तेव्हापासून?”

म्हणजे ते त्यांनी ऐकलं होतं. “हो,” मी म्हटलं.

“आणि कुणाला सांगितलं नाहीस?”

“नाही.”

“मलासुद्धा नाही.” ते रागानं म्हणाले नाहीत, तक्रारीनंही नाही. ते पाणी प्यायले, बाटलीचं झाकण लावायला घेतलं, ते नीट बसेना म्हणून माझ्याकडं दिली. “सरोज, आता सांगत जा मला. मी चिडेन. चिडणारच. तरी सांग.”

“सांगेन.”

“डॉक्टरला फोन केलास रद्द करायला?”

“राहिला करायचा.”

“मग राहू दे.”

आम्ही डबा खाल्ला. मग मी पदर खोचला आणि मशीनची दोरी ओढली. मशीन चालवायची ही आयुष्यातली पहिलीच वेळ. ते चालू झालं, आणि त्या धक्क्यानं मी जवळजवळ पडलेच. देवदान पुढं चालायला लागले. गवतातले दगड, फुटक्या कुंड्या, गेल्या वर्षीच्या मेणबत्त्यांची बुडं ते वाकून उचलत होते, बाजूला टाकत होते, आणि कुठं वळायचं ते मला हातानं दाखवत होते. एका कोपऱ्यात त्यांनी मला चुकीचं दाखवलं. “अहो, इकडचं झालंय,” मी मशीनच्या आवाजावर ओरडून सांगितलं. ते चिडले. “दिसतंय मला!” म्हणाले. मग दुसरीकडं वळले. अंधारायच्या आत सगळं कापून झालं. रविवारी आलेली माणसं म्हणाली की कबरस्तान इतकं स्वच्छ कधी दिसलं नव्हतं, आणि उजवीकडच्या त्या मातीच्या पट्टीबद्दल कुणी काही विचारलं नाही.

सोमवारी नगरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं. मला अपेक्षित होतं तेच. देवदाननी ते मला पुन्हा नीट म्हणायला लावलं आणि परतीच्या एसटीत दोन-तीनदा स्वतःशी म्हणून बघितलं.

त्यानंतर बरीच वर्षं ते होते. मी दिलेला शब्द पाळला. शर्ट उलटा घातलाय, हे आपलं घर नाही, आई जाऊन खूप वर्षं झाली, हा रूबेनच आहे. प्रत्येक वेळी सांगायचे, आणि प्रत्येक वेळी ते चिडायचे. कधी ताट सरकवायचे, कधी दिवसभर बोलायचे नाहीत. मी थकून जायचे, पण झाकायचं काम उरलं नव्हतं, आणि ते चिडले की निदान माझ्यावर चिडायचे.

मग एका सकाळी ते अंगणात पायांत दोन वेगवेगळ्या चपला घालून उभे होते. मी म्हटलं, “अहो, चपला बघा, चुकल्यात.” त्यांनी खाली बघितलं, मग माझ्याकडं. चिडले नाहीत. परक्या बाईशी बोलावं तसं अदबीनं हसले आणि म्हणाले, “बरं झालं, तुम्ही सांगितलंत.”

मी आत गेले, दार लावून घेतलं, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा रडले.